जांभळी कड

"ते बदक नाहीच मुळी," ती मुलगी म्हणाली आणि बसच्या काचेला नाक चिकटवून पुन्हा एकदा तळ्याकडे बघत राहिली. बस सिग्नलला थांबली होती. बागेच्या कुंपणापलीकडच्या तळ्यात एक पांढरंशुभ्र बदक, आपल्याला कुणी बघतंय याची फिकीर नसल्यासारखं, मान पाण्यात घालून शेपूट वर करत होतं. "अगं, बदकच आहे ते," मुलीचे वडील म्हणाले. त्यांच्या मांडीवर तिचं दप्तर होतं. "नाही बाबा. बदकाचं पोट जांभळं असतं. आमच्या वर्गात आहे ना." वडील हसले. "मग हे कोण?" मुलीनं जरा विचार केला. "हे दुसरंच कुणीतरी आहे. बदकासारखं दिसणारं." आणि मग एकदम मागे वळून, मागच्या सीटवर बसलेल्या, पिकल्या केसांच्या, मांडीवर कापडी पिशवी सांभाळणाऱ्या एका बाईलाच तिनं साक्षीला ओढलं, "हो ना हो आजी? बदकाचं पोट जांभळंच असतं ना?"

आजीच्या तोंडून शब्द निघाला नाही. कारण सकाळी उठल्यापासून टेबलाशी बसून दिवसाची पहिली रेघ ओढेपर्यंत बोलायचं नाही, हा तिचा नेम होता. आजचा कालचा नाही, कामाला लागल्या दिवसापासूनचा. ती नुसती हसली. तेवढ्यात बस सुटली, धक्का बसला, आणि तिची मान हलली. धक्क्यानं हलली की आपण होऊन हलली, हे तिचं तिलाच कळलं नाही. "बघा! आजीपण हो म्हणाल्या," मुलगी विजयी सुरात म्हणाली. वडिलांनी हात जोडले. "आजी म्हणाल्या म्हणजे संपलंच." आणि ती दोघं पुढच्या स्टॉपवर उतरून, दप्तर या हातातून त्या हातात करत, गर्दीत दिसेनाशी झाली. तळं केव्हाच मागे पडलं होतं. पण ते पांढरं बदक मात्र तिच्या डोळ्यांपुढून हलेना. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी तिच्यासमोर एका जित्या जिवाला त्याचं नाव नाकारलं होतं, आणि ते कुणाच्या जोरावर, तर तिनं काढलेल्या चित्राच्या.

नेम आईचा. आई पहिलीच्या मुलांना शिकवायची. वर्गात शिरून फळ्यावर पहिलं अक्षर उमटेपर्यंत ती चकार शब्द काढायची नाही. दिवसाचा पहिला शब्द वाया घालवू नये, म्हणायची. गलका करणारी पोरं आपोआप गप्प व्हायची, कारण पाठमोऱ्या बाईंच्या हातून आता काय उमटतंय याकडे सगळ्यांचे डोळे. खडू फळ्यावर टेकायचा तो आवाज, नंतर ती बारीक किरकिर, आणि मग वळून आईचा पहिला शब्द. लहानपणी आईच्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसून तिनं तो कितीदा ऐकला होता. नोकरी संपल्यावर आईनं नेम सोडला, पण तोवर तो जणू लेकीच्या ओटीत पडला होता. आता ऐंशी ओलांडलेली आई सकाळी औषधाची गोळी हातावर घेताना रोज तिला डिवचायची. "आल्या का आमच्या मुक्या बाई? काय ग, आज तरी बोलशील? बरं, नको बोलूस. तुझ्या वाटणीचंही मीच बोलते." आणि खरंच बोलायची. ही खुणेनं पाण्याचा पेला पुढे करायची, आई एका घोटात गोळी गिळून उरलेलं भांडण पुरं करायची. देवाचं नाव घ्यायला शब्द लागत नाहीत, हे तिला त्या सकाळच्या शांततेनंच शिकवलं होतं. पण आज त्या शांततेनं तिच्याकडून खोटी साक्ष घेतली. देवाला हात जोडताना डोळा उघडा राहावा, तसं काहीतरी तिच्या मनात खुपत राहिलं.

ती काम करायची ती जागा म्हणजे एका जुन्या इमारतीचा वरचा मजला. छतात काचा, खाली लांबलचक टेबलं, आणि सगळीकडे खळीचा आणि ताज्या कापलेल्या पुठ्ठ्याचा वास. इथं शाळांसाठी वाचनाच्या पेट्या तयार होत. पेटीत चित्रकार्डं. कार्डाच्या एका बाजूला चित्र, मुंगी, गोगलगाय, कोळ्याचं जाळं, रुजलेलं बी, ओढा, बदक. दुसऱ्या बाजूला मोठ्या अक्षरात एक वाक्य वाचायला, आणि त्याखाली एक प्रश्न, ज्याचं उत्तर कार्डात नसे. त्यासाठी वर्गाबाहेर जावं लागे. 'मुंगी साखर नेते. तिचं घर कुठे आहे?' 'बदक ओढ्यात पोहतं. ओढा कुठे जातो?' पोरं वाक्य वाचत आणि उत्तर शोधायला पळत, परत येत ती गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन. ही सगळी युक्ती आईची. त्या काळी शाळेत फळा आणि खडू याखेरीज काही नव्हतं. आईनं शेजारच्या रंगाच्या कारखान्यातून सुताच्या रिकाम्या पेट्या मागून आणल्या, त्यांचा पुठ्ठा चौकोनी कापला, आणि घरी जमिनीवर बसून, एकेक कार्ड रंगवलं. पुढे एक चित्रकार मास्तर ती शाळा बघायला आले, कार्डं हातात घेऊन कितीतरी वेळ उभे राहिले, आणि म्हणाले, बाई, ही मला द्या, मी सगळ्या शाळांना पोचवतो. आईनं दिली. मास्तरांनी ती गिरवून घेतली, पेट्या काढायला ही जागा उभी केली आणि मूळ कार्डं परत केली, आणि पोरांच्या हातांनी झिजून झिजून ती एक दिवस संपली. पेटीला मात्र मरण नव्हतं. आता तर त्या कार्डांवर वाचायला शिकलेले बाप आपल्या लेकरांसाठी ती शोधत यायचे आणि झाकणावरचं बदक बघून म्हणायचे, हेच, हेच ते. जांभळ्या पोटाचं.

तिनं पिशवीतून आपली पट्टी काढली. आईची, लाकडी, वापरून वापरून गुळगुळीत झालेली, आणि एक कड कधीकाळी जांभळ्या रंगात बुडल्यासारखी. तो डाग कशाचा हे तिनं कधी विचारलंही नव्हतं. शाळेतल्या वस्तूंना डाग असतातच. पट्टी धरून तिनं कोऱ्या कागदावर दिवसाची पहिली रेघ ओढली, हात जोडले, आणि शेजारी पेट्यांना झाकणं बसवणाऱ्या मैत्रिणीला म्हणाली, "आज माझ्यामुळे एका पोरीनं बदकाला बदक म्हणायचं नाकारलं."

पेटीवालीला आधी समजलं नाही, समजल्यावर ती इतकी हसली की झाकण हातातून सुटलं. "मग बिघडलं कुठं? बदकाला काय त्याचं? ते काय तुझ्या दारात दाखला मागायला येणार आहे, मी बदक असल्याचा?"

"हसू नकोस ग. मी मान हलवली."

"मान हलवली म्हणे! लग्नात मी पण मान हलवली होती, काय विचारतायत ते न ऐकता. तीस वर्षं निभावतेय."

हसू तिलाही आलं. पण हसून झाल्यावर समोर तेच होतं. टेबलावर बदकाचं मागच्या छपाईचं कार्ड आणि त्यावर चढवलेला पातळ कागद. दर काही वर्षांनी रंग विटायचे आणि सगळी चित्रं नव्यानं काढावी लागायची. आणि काढायची ती नेहमी मागच्या छपाईवरून. मागच्यावरून पुढचं, हा मास्तरांचा कायदा. मूळ कुठे शोधत बसायचं नाही, म्हणायचे ते. आपल्या आधीच्या माणसाचा हात आपल्या हाताखाली असला की काम सुखरूप जातं. बाकीची सारी कार्डं छपाईला गेली होती. बदक तेवढं राहिलं होतं. उद्या सकाळी तेही द्यायचं, आणि या खेपेला गोष्ट निराळी होती. या खेपेला चित्रं कॉम्प्युटरात जाणार होती. तिथं रंग विटत नाहीत, साहेब म्हणाले होते. म्हणजे यापुढे बदक कुणीच पुन्हा काढणार नव्हतं. तिच्या हातून उद्या जे उतरेल तेच कायमचं.

साहेब फेरी मारत आले. मास्तरांच्या जागी आलेले, वयानं तिच्याहून लहान, माणूस भला, पण सतत कुठेतरी पोचायचं राहिल्यासारखा. "ताई, आमचं बदक?"

"साहेब, पोट पांढरं केलं तर?"

ते थबकले. "कशाला?"

"बदकाचं पोट जांभळं नसतं."

"ते मलाही माहीत आहे हो. पण लोकांना पेटी कशावरून आठवते? बदकावरून. बदक कशावरून आठवतं? पोटावरून. ताई, तुम्ही सरळ आमच्या पोटावर पाय आणताय." आपल्याच विनोदावर खूश होऊन ते पुढे गेले, मग दोन टेबलांवरून परतले. "आणि हे पोट तर तुमच्याच घरचं ना? मास्तर सांगायचे, बाईंच्या लहान मुलीनं रंगवलंय म्हणून. तुम्हीच ना ती?"

ती मान खाली घालून हसली. तीच ती. हे सांगताना घरात सगळ्यांचे चेहरे कसे उजळायचे. बाबा सांगायचे, आल्यागेल्याला, तिला जवळ ओढून. आमच्या हिला जांभळ्याचं असं वेड, असं वेड की बदकसुद्धा जांभळं लागतं हो हिला! सगळे हसायचे, आणि ती बाबांच्या सदऱ्यात तोंड लपवायची. त्या सदऱ्याला उग्र, ओला, तुरटीसारखा वास असायचा. बाबा रंगाच्या कारखान्यात सूत बुडवायचे. त्यांची नखं कधी पांढरी नसायची. नखांच्या मुळाशी रंगाची चंद्रकोर, कधी तांबडी, कधी हिरवी, पुष्कळदा जांभळी, आणि रविवारी साबणानं घासघासूनही उरायचीच. त्या नखांनी ते तिला फळं सोलून द्यायचे. चित्राचा तो दिवस तिला तुकड्यातुकड्यांनी आठवायचा, ओल्या काचेतून दिसावा तसा. मागच्या खिडकीशी स्टूल. स्टुलावर ती. खिडकीतून दिसणारा ओढा, आणि पलीकडच्या म्हातारीची बदकं एकामागून एक उतारावरून घसरत पाण्यात. आईचा एक हात तिच्या कमरेला, पडू नये म्हणून. दुसऱ्या हातात काहीतरी लांब, लाकडी. मग ब्रश. मग आईचा श्वास तिच्या कानाशी थांबलेला. आई रागावली नव्हती, एवढं पक्कं आठवायचं. एवढ्या मेहनतीनं काढलेल्या पांढऱ्या बदकावर सहा वर्षांच्या पोरीनं जांभळा रंग फासला, आणि आई रागावली नाही, नवा पुठ्ठा घेतला नाही, तेच कार्ड वर्गात लावलं. आयुष्यभर तिनं ती गोष्ट ताईतासारखी जवळ बाळगली होती. लग्न झालं नाही, बाबा गेले, घरं बदलली, पण कुठल्यातरी गावाबाहेरच्या वर्गात, कधी न पाहिलेल्या भिंतीवर आपलं जांभळं पोट मिरवत एक बदक टांगलंय आणि ते म्हणजे आईनं न रागावणं आहे, या विचारानं तिला कितीतरी संध्याकाळी हलकं वाटलं होतं.

आणि म्हणून पांढरं करणं सोपं नव्हतं. दुपारी सगळे जेवायला उठल्यावर तिनं एक नमुना करून बघितला. पोट कोरं सोडलं. कडेनं फिकट राखाडी सावली. बदक झालं, तळ्यातल्यासारखं, अगदी खरं. आणि खरं असूनही परकं. घरातलं एखादं माणूस गेल्यावर त्याची खुर्ची भिंतीला सरकवावी आणि खोली एकदम ऐसपैस दिसावी, तशी त्या चित्रातली जागा तिच्या अंगावर आली. तिनं मागचं कार्ड शेजारी ठेवलं. हे जांभळं पोट तरी कुठं त्या दिवसाचं राहिलं होतं? मास्तरांनी त्याला गोलाई दिली. पक्ष्याला शोभेल अशी, छातीवरून उतरत शेपटीकडे निमुळती होत जाणारी. नंतरच्या खेपांना तिनं स्वतः त्यावर बारीक पिसं काढली, कडा मऊ केल्या, एक चमक दिली. दर खेपेला थोडं जास्त सुंदर. आता ते एखाद्या दूरदेशीच्या, नटव्या पक्ष्यासारखं दिसत होतं, आणि म्हणूनच त्या पोरीला खरं वाटलं होतं. बेढब असतं तर तिनं शंका घेतली असती. सुंदर खोट्याला कुणी हटकत नाही. एका बाजूला ती मुलगी, काचेला नाक लावलेली. दुसऱ्या बाजूला आई, श्वास रोखलेली. यातल्या एकीला दुखवल्यावाचून उद्याची सकाळ उजाडणार नव्हती, आणि तिला दोघी हव्या होत्या.

घरी आली तेव्हा आई खिडकीशी बसून मटाराच्या शेंगा सोलत होती. डोळ्यांनी दिसत नव्हतंच फारसं, बोटांनी सोलायची, आणि दाणे ताटात पडल्याच्या आवाजावरून कोवळा कुठला, जून कुठला ते ओळखायची. "आलीस? आज पाय ओढतेस तू. भांडलीस का कुणाशी?"

"मी कुणाशी भांडणार?"

"तेच तर म्हणते. भांडायला पाहिजे होतंस आणि भांडली नाहीस, तसा पाय वाजतोय."

तिनं पिशवी ठेवली, आईसमोर खाली बसली, शेंगा ओढून घेतल्या आणि बसमधलं सगळं सांगितलं. मुलगी, तळं, मान हलली ते. आई मधेमधे हसली. "'बदकासारखं दिसणारं दुसरंच कुणीतरी' म्हणाली? हुशार आहे हो पोर." मग तिनं साहेबांचं सांगितलं, कॉम्प्युटरचं सांगितलं. आणि शेवटी, शेंगेत बघत, म्हणाली, "आई, मी पोट पांढरं केलं तर तुला वाईट वाटेल?"

"मला कशाला वाटेल?"

"तू ठेवलं होतंस ना तसंच. माझा हट्ट म्हणून. मला जांभळं आवडायचं म्हणून."

ताटात दाणे पडायचे थांबले. "तुला जांभळं आवडायचं?" आई म्हणाली. "कुणी सांगितलं? तुला पिवळं आवडायचं. पिवळ्या फ्रॉकसाठी जमिनीवर लोळण घेतली होतीस तू, दुकानदारासमोर. मी मेले होते लाजेनं."

"मग बाबा सांगायचे ते..."

"ते सांगायचे." आईनं मटाराची एक शेंग उचलली, सोलली नाही, नुसती बोटांत फिरवत बसली. "त्यांना दुसरं काय सांगता येत होतं? त्या कारखान्याचं मीठ खात होतो आपण. इकडे आण ते कार्ड. आहे ना पिशवीत?"

तिनं दिलं. आईनं कार्ड डोळ्यांच्या अगदी जवळ नेलं, मग लांब धरलं, मग धूसर दिसलं तेवढं बघून ते मांडीवर ठेवलं आणि त्याच्यावरून हात फिरवला. "काय केलंय ग हे? गोल केलंय?"

"मास्तरांनी केलं होतं. मग मी पिसं काढली."

"गोल कसं असेल? पाणी कधी गोल असतं का?" आणि आईनं अंगठ्याचं नख बदकाच्या छातीशी टेकवलं आणि कार्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ ओढलं. बदकाच्या अंगावरून, सगळ्या मऊ पिसांवरून, आडवं, एका दमात. "इथपर्यंत होतं. वर पांढरं, खाली जांभळं. ओढ्याला रोज निराळा रंग यायचा, आठवत नाही? कारखान्यात ज्या दिवशी जे सूत, त्या दिवशी तो ओढा. त्या आठवड्यात जांभळा होता. म्हातारीची बदकं पाण्यातून वर आली की अशीच दिसायची, आखून रंगवल्यासारखी. मी कार्ड काढत होते ते पांढरं, शहाण्यासारखं, पुस्तकातलं. तू खिडकीतून बघितलंस आणि म्हणालीस, आई, तू चुकलीस. बदक अर्धं आहे. आणि माझ्याकडे पट्टी मागितलीस. सहा वर्षांचं पोर, बदक रंगवायला पट्टी मागतंय!"

पट्टी. आईच्या हातातलं ते लांब, लाकडी काहीतरी. ओली काच कुणीतरी हातानं पुसावी तसा तो दिवस एकदम समोर आला. खिडकीखाली ओढा जांभळा, दाट, कडेला फेस. म्हातारी हातातली काठी आपटत बदकांना बोलावतेय. बदकं एकेक करत वर चढतायत, आणि प्रत्येकाच्या अंगावर तीच रेघ, त्याच उंचीवर. आपण स्टुलावर, ब्रश पट्टीला टेकवून, जीभ बाहेर काढून, सरळ, सरळ. आणि आईचा थांबलेला श्वास.

"तू रागावली नाहीस," ती म्हणाली.

"रागावू कशाला? तू बघितलंस ते काढलंस. मी बघत होते आणि काढत नव्हते." आईनं कार्ड मांडीवर सरळ केलं. "वर्गात लावलं तेव्हा पोरांपैकी एकानंही विचारलं नाही, बाई पोट असं का. सगळी त्याच ओढ्याकाठची. त्यांना माहीत होतं. बाबांना कळलं. आले, बघितलं, आणि गेले. रात्री नखं घासत बसले नुसते. दुसऱ्या दिवसापासून ते जांभळ्याच्या वेडाचं सांगायला लागले. मी म्हटलं, सांगू देत. तोंड त्यांनी बंद केलं, मी केलं, कार्ड तर बोलतंय. मग मास्तरांनी नेलं, म्हटलं, आता लांब जाईल. म्हातारीची बदकं दुसऱ्या वर्षी नव्हतीच." तिनं कार्डावरून पुन्हा हात फिरवला. "आणि तुम्ही त्याला पिसं काढलीत."

रागानं नव्हती म्हणाली. दुधात माशी निघाल्यावर म्हणावं तसं, नवलानं म्हणाली. मग पुन्हा शेंगा सोलायला लागली. दाणे ताटात पडत राहिले, कोवळे, जून. ओढा आता कुठे होता? कारखाना बंद पडल्यावर त्याला सिमेंटच्या नळात घातला, वरून रस्ता केला. तिची सकाळची बस बहुधा त्याच्यावरूनच जात होती. कार्डावरचा प्रश्न इतकी वर्षं पोरं वाचत आली होती, ओढा कुठे जातो. बाबांची नखं तिच्या डोळ्यांपुढून हलेनात. त्या हातानं सोललेली फळं गोड होती, हे खरं. आणि तो गोड सांगणारा आवाजही खरा. लाडाची म्हणून जी गोष्ट तिनं जपली ती त्यांच्या लाजेची होती, आणि तरी त्यातला लाड काही कमी होत नव्हता; हे सगळं कुठे ठेवावं ते तिला उमजेना.

सकाळी गोळी घेताना आईनं डिवचलं नाही. तिच्या हातावर नुसता हात ठेवला. बसमध्ये ती मुलगी नव्हती. तिच्या जागेवर एक गृहस्थ पेंगत होते. तळ्याशी सिग्नल हिरवा होता, तेव्हा बदक दिसलं ते निसटतं, पांढरा ठिपका म्हणून. तिनं मनातल्या मनात त्याला त्याच्या नावानं हाक मारली. टेबलाशी बसली, हात जोडले, आणि आज कोऱ्या कागदावर नाही, दिवसाची पहिली रेघ थेट चित्रावरच ओढायची ठरवली. मागचं कार्ड उलटं करून बाजूला सारलं. मागच्यावरून पुढचं, मास्तर म्हणायचे. पण मागच्याच्या मागे एक स्टूल होतं. बदक तिनं हातानं काढलं, साधं, गुबगुबीत, म्हातारीचं. मग आईची पट्टी त्याच्या छातीशी आडवी धरली. जांभळी कड खाली. ब्रश टेकवला. जीभ नकळत दातांमध्ये आली. रेघ बदकाच्या अंगावरून गेली आणि अंगाशी थांबली नाही. या कडेपासून त्या कडेपर्यंत गेली. आणि मग रेघेखाली ती पाणी भरायला लागली, जांभळं, दाट, बदकाचं पोट आणि पाणी एकाच रंगाचं.

साहेब आले. "ताई, झालं का आमचं..." आणि वाक्य तिथंच राहिलं. "हे काय? अहो, पोट कुठे गेलं? पाणी जांभळं? ताई?" पलीकडे पेटीवाली झाकण हातात धरून उभी राहिली. हिनं मात्र साहेबांकडे न बघता एक बोट वर केलं, थांबा. आणि रंगवत राहिली. कोपरा राहिला होता. साहेबांनी घड्याळ बघितलं, मग चित्र बघितलं, मग घड्याळ बघायचं विसरले. ब्रश कागदाच्या शेवटच्या टोकाला पोचला. तिनं तो पाण्यात ठेवला, मान वर केली, आणि दिवसाचा पहिला शब्द बोलली.

"हा आमच्या घरामागचा ओढा."

साहेब वाकले. रेघेच्या वरचं पांढरं बदक, रेघेखालचं रंगात बुडालेलं. त्यांना काय दिसलं कोण जाणे. मग हळूच म्हणाले, "पण मुलं विचारतील हो, पाणी असं का म्हणून."

"विचारतील."

"शिक्षकांना सांगावं लागेल काहीतरी."

"लागेल."

"आणि पेटीवरचं बदक? तेही..." त्यांनी नाक खाजवलं. "जांभळं तर आहेच म्हणा. नाही म्हणता येणार नाही कुणाला." आणि चित्र उचलायला हात पुढे केला.

"ओलं आहे," ती म्हणाली. "आडवं धरा, नाहीतर ओघळेल."

भरलेलं ताट न्यावं तसं ते चित्र दोन्ही हातांनी आडवं धरून साहेब छपाईच्या खोलीकडे निघाले, पावलं जपून, आणि वाटेतली माणसं बाजूला होत गेली. तिनं पट्टी उचलली. जुन्या जांभळ्यावर नवं जांभळं ओलं होतं, चकाकत होतं. पुसायला तिनं फडकं घेतलं, क्षणभर कडेशी धरलं, आणि पट्टी तशीच वाळत ठेवून दिली.